नाव, वाद्य आणि वादन : मध्ययुगीन युरोपच्या संगीतावरील अरबी ऋणाच्या दाव्यांची चिकित्सा

मध्ययुगीन युरोपातील वाद्ये अरबांनी दिली, हे विधान महाविद्यालयीन व्याख्यानांत, स्मरणिकांत आणि इस्लामी संस्कृतीवरील पुस्तिकांत वारंवार आढळते. त्याची परंपरा जुनी आहे. गुस्ताव ल बों यांचा अरब संस्कृतीवरील फ्रेंच ग्रंथ सय्यद अली बिलग्रामी यांनी 'तमद्दुन-ए-अरब' या नावाने उर्दूत आणला. त्यानंतर युरोपने अरबांकडून काय काय घेतले याच्या याद्या करण्याची सवय उर्दू वाचकवर्गात रुजली, आणि उर्दूतून ती मराठीतही आली. १९३१ साली प्रसिद्ध झालेल्या 'द लेगसी ऑफ इस्लाम' या संकलनातील हेन्री जॉर्ज फार्मर यांच्या संगीतविषयक प्रकरणाने या यादीला विद्वत्तेचा आधार मिळाला. तेव्हापासून तीन विधाने एका दमात सांगितली जातात : 'ल्यूट' हे वाद्य 'ऊद'पासून आले, 'दो-रे-मी' ही स्वरनामे अरबी अक्षरांवरून आली, आणि 'त्रूबादूर' हा शब्द 'तरब'वरून आला.

या तिन्ही विधानांचे वजन मात्र सारखे नाही. पहिले निर्विवाद आहे, दुसरे टिकत नाही, तिसरे अनिर्णीत आहे. तिन्ही एकाच पंक्तीत बसवली की पहिल्याचीही विश्वासार्हता कमी होते. दुसऱ्या विधानातला दोष दाखवून देणारा एखादा चौकस विद्यार्थी मग पहिल्यावरही विश्वास ठेवत नाही, आणि त्यात त्याची चूक म्हणता येत नाही.

प्रथम नावांचा पुरावा पाहू. 'अल-ऊद' म्हणजे लाकूड. पोर्तुगीज 'अलाऊद' या शब्दात अरबी उपपद 'अल' अजून जसेच्या तसे आहे. स्पॅनिश 'लाऊद', फ्रेंच 'ल्यूत', जर्मन 'लाउटे' आणि इंग्रजी 'ल्यूट' यांत ते झिजून केवळ 'ल' उरला आहे. 'रबाब'वरून 'रेबेक', 'नफीर'वरून स्पॅनिश 'अन्याफिल' हा लांब कर्णा, 'बूक'वरून 'आल्बोगे', 'दफ'वरून 'आदुफे', 'तबल'वरून 'आताबाल' हे नगाऱ्याच्या जातीचे वाद्य. 'नक्कारा' फ्रेंचमध्ये 'नाकेर' आणि इंग्रजीत 'नेकर' झाला. हाच शब्द मराठीत 'नगारा' म्हणून आहे आणि देवळाच्या नगारखान्यात तो आजही वाजतो. धर्मयुद्धात फ्रान्सच्या नवव्या लुईसोबत गेलेला झ्वांव्हील १२४९ सालच्या दमिएत्ताच्या वर्णनात सांगतो, की सुलतानाच्या सैन्यातील नगाऱ्यांचा आणि शिंगांचा आवाज ऐकणाऱ्याच्या मनात धडकी भरवणारा होता. वाद्य प्रथम शत्रूचे म्हणून ऐकले गेले आणि पुढे युरोपीय राजांच्या स्वाऱ्यांत मानाचे झाले. वस्तू आणि नाव दोन्ही एकत्र गेल्याचे इतके स्वच्छ उदाहरण दुसरे क्वचितच सापडेल.

पण 'रबाब'पाशी थांबावे लागते. हिंदुस्थानात रबाब म्हटले की जव्याने छेडायचे वाद्य डोळ्यांसमोर येते. अरब जगात त्याच नावाने गजाने वाजवायची वाद्ये ओळखली जातात. आणि तेराव्या शतकात पॅरिसमध्ये लिहिणारा डोमिनिकन साधू मोराव्हियाचा येरोनिमस 'रूबेबा' नावाच्या ज्या वाद्याची जुळणी सांगतो, त्याला दोनच तारा आहेत, त्यांत पंचमाचे अंतर आहे आणि ते गजाचे आहे. नाव एक आणि वाद्ये तीन. पुढे 'रेबेक'च्या कुळातला पोर्तुगीज 'रबेका' हा शब्द व्हायोलिनला लागला आणि गोव्यातील ख्रिस्ती घरांत व्हायोलिनला 'रेबेक' म्हणण्याची रीत पडली. तेव्हा शब्दाचा प्रवास हा वाद्याचा प्रवास मानणे धोक्याचे आहे, आणि वाद्याचा प्रवास हा संगीताचा प्रवास मानणे त्याहून धोक्याचे. फार्मर यांच्या लेखनात हे दोन्ही धोके अनेकदा नजरेआड होतात.

युरोपचे सगळे वाद्यविश्व अरबी नव्हते, हेही यादी करणारे विसरतात. ऑर्गन हे वाद्य बायझन्टियमच्या सम्राटाने ७५७ साली फ्रँक राजा पेपिन याला भेट पाठवले होते. सांतियागो दे कोंपोस्तेला येथील मास्टर मातेओच्या ११८८ सालच्या महाद्वारावर चोवीस वृद्ध वाद्ये घेऊन बसले आहेत. त्यांच्या मधोमध दोघे मिळून एकच 'ऑर्गनिस्त्रुम' वाजवत आहेत, एक चाकाची मूठ फिरवतो आणि दुसरा पट्ट्या हलवतो. या वाद्याला अरबी पूर्वज शोधायला जाऊ नये. १३०० च्या सुमारास पॅरिसमध्ये लिहिणारा योहानेस द ग्रोकेओ सर्व तंतुवाद्यांत 'व्हिएल' या गजाच्या वाद्याला पहिला मान देतो. गज मात्र पूर्वेकडून आला, याविषयी वेर्नर बाखमन यांच्या अभ्यासानंतर फारसा वाद उरलेला नाही. मध्य आशियातून तो अरब आणि बायझन्टाईन या दोन्ही मार्गांनी पश्चिमेला गेला, आणि दहाव्या शतकातील उत्तर स्पेनच्या हस्तलिखितांत त्याची चित्रे दिसतात. म्हणजे 'व्हिएल'चे वादन-साधन पूर्वेचे आणि घडण युरोपची. अशा मिश्र वस्तूला 'त्यांचे' किंवा 'आमचे' असे लेबल लावता येत नाही.

आता 'दो-रे-मी'. दाल, रा, मीम, फा, साद, लाम, सीन या अरबी अक्षरांवरून ही स्वरनामे आली असा हा दावा. तो मेनिन्स्की यांच्या १६८० सालच्या कोशापर्यंत आणि लाबोर्द यांच्या १७८० सालच्या संगीतविषयक ग्रंथापर्यंत मागे जातो, आणि फार्मर यांनी १९३० साली तो पुन्हा पुढे आणला. कानाला तो फार गोड लागतो. पण ग्विदो द आरेत्सो याने अकराव्या शतकाच्या पूर्वार्धात जी स्वरनामे दिली, त्यांत पहिले नाव 'दो' नव्हतेच. ते 'उत' होते. सेंट जॉनच्या लॅटिन स्तोत्रातील सहा चरणखंडांची आद्याक्षरे त्याने घेतली. प्रत्येक खंड आधीच्यापेक्षा एक स्वर वर सुरू होतो, म्हणून शिकणाऱ्या मुलांना ते सोपे जाई. 'उत'च्या जागी 'दो' हे सतराव्या शतकात इटलीत आले. सातवे नाव 'सी' ग्विदोच्या पद्धतीत नव्हते. तेही पुष्कळ नंतरचे. म्हणजे 'दाल' आणि 'सीन' यांच्याशी जुळणारी दोन नावे अकराव्या शतकात अस्तित्वातच नव्हती. शिवाय मध्ययुगीन अरबी संगीतशास्त्रज्ञ स्वरांना अबजद क्रमाने अलिफ, बा, जीम अशी अक्षरे देत. 'दाल-रा-मीम' ही मालिका त्या काळच्या कोणत्याही अरबी संगीतग्रंथातून पुढे आणली गेलेली नाही. हा दावा वर्गात शिकवणे थांबले पाहिजे.

येथे एक जाता जाता. उर्दूत चढउतार सांगायला 'ज़ेर-ओ-बम' म्हणतात. हे दोन्ही शब्द ऊदच्या तारांची नावे आहेत : 'ज़ीर' सर्वांत उंच स्वराची, 'बम' सर्वांत खर्जाची. अरबी-फारसी संगीताचे ऋण सांगायचे तर ते आपल्या रोजच्या भाषेत असे पडलेले आहे. त्यासाठी ग्विदोच्या स्तोत्रात शिरण्याची गरज नाही.

'त्रूबादूर'चे प्रकरण वेगळे. 'तरब' म्हणजे संगीताने होणारी आनंदाची किंवा दुःखाची उत्कट अवस्था. उर्दू काव्यातला 'मुतरिब' याच धातूचा. प्रोव्हान्सच्या भाषेतील 'त्रोबार' म्हणजे शोधणे, रचणे. ते लॅटिन 'त्रोपुस'वरून आले असे बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. ते 'तरब'वरून आले ही सूचना स्पॅनिश अरबीतज्ज्ञ हुलियान रिबेरा यांची. मारिया रोसा मेनोकाल यांनी १९८७ सालच्या आपल्या ग्रंथात एक प्रश्न नेमका विचारला : लॅटिन व्युत्पत्तीतही अडचणी असताना अरबी शक्यतेकडे विद्वानांनी इतकी वर्षे पाहिलेच का नाही? हा प्रश्न योग्य आहे. पण पूर्वग्रह दाखवून देणे म्हणजे व्युत्पत्ती सिद्ध करणे नव्हे. पहिला ज्ञात त्रूबादूर, आक्वितेनचा नववा गिय्योम, १०७१ साली जन्मला. त्याच्या वडिलांचा १०६४ सालच्या बार्बास्त्रोच्या लुटीत भाग होता असे मानले जाते, आणि त्या लुटीत गाणाऱ्या दासी ख्रिस्ती सरदारांच्या हाती लागल्याचे इब्न हय्यान सांगतो. त्याच्या वृत्तान्तात एका बंदिवान मुलीला ऊदवर गायला लावणारा सरदार आहे. शब्दांचा अर्थ न कळताही तो त्या गाण्यात रमतो. संपर्क झाला होता, आणि तो कोणत्या परिस्थितीत झाला, हे या एका प्रसंगावरून कळते. गाणारी गुलाम होती. सांस्कृतिक देवाणघेवाणीच्या गोड कथेत ही गोष्ट सहसा वगळली जाते.

सर्वांत समृद्ध पुरावा कास्तीलचा राजा दहावा अल्फोन्सो (राज्यकाल १२५२–१२८४) याच्या दरबारातील 'कान्तिगास द सान्ता मारिया' या संग्रहात आहे. मरियमच्या स्तुतीची आणि चमत्कारांची चारशेहून अधिक गीते गालिसियन-पोर्तुगीज भाषेत येथे स्वरलिपीसह आहेत. त्याच्या चार हस्तलिखितांपैकी एस्कोरियालमधील एकाला 'वादकांची पोथी' म्हणतात, कारण दर दहाव्या गीतावर, जे नेहमी स्तुतिगीत असते, वादकांचे एक छोटे चित्र आहे. अशी सुमारे चाळीस चित्रे. बहुतेकांत दोन वादक समोरासमोर बसलेले. ऊद आहे, मांडीवर उभा धरून गजाने वाजवायचा, होडीच्या आकाराचा रबाब आहे, कानूनच्या कुळातील चौकोनी व त्रिकोणी तंतुवाद्ये, बासऱ्या, मशकबीन, हातातला छोटा ऑर्गन, टांगलेल्या घंटा, झांजा, कर्णे. फेटा बांधलेले मुसलमान वादकही त्यांत आहेत.

या चित्रांकडे कसे पाहावे हा खरा प्रश्न आहे. सर्वच वाद्ये त्या त्या गीताला साथ करत होती असे चित्रे सांगत नाहीत. एकेक वाद्य स्वतंत्र चौकटीत, पुष्कळदा दोन नमुन्यांत, नीट दिसेल असे मांडले आहे. त्यात वाद्यकोशाचा हेतू अधिक दिसतो. याच राजाने बुद्धिबळ, फासे आणि सोंगट्यांवर १२८३ साली सचित्र ग्रंथ तयार करवला होता. वस्तूंची नोंद करण्याची, त्यांचे प्रकार लावण्याची हौस त्याच्या दरबारात होती. चित्रकाराने तारांची संख्या, खुंट्या, जाळीचे नक्षीदार भोक बारकाईने काढले असले तरी गजाची पकड काही ठिकाणी अशी आहे की त्या पकडीने वाजवणे कठीण जावे. वाद्याच्या घडणीसाठी हा पुरावा उत्तम आहे. वादनासाठी तो मुका आहे.

रिबेरा यांनी १९२२ साली 'ला मूसिका दे लास कान्तिगास' या भव्य ग्रंथात याच्या पुढे उडी घेतली. या गीतांचे संगीतच अंदलुसी अरबी आहे, असा त्यांचा सिद्धान्त. त्यांचा सर्वांत बळकट मुद्दा छंदाचा आहे. अनेक कान्तिगांची रचना इब्न कुज़मानच्या 'ज़जल'सारखी आहे : आधी ध्रुवपद, मग तीन समयमकी ओळी, आणि चौथी ओळ ध्रुवपदाच्या यमकाकडे परतणारी. हे साम्य डोळ्यांआड करता येत नाही. पण छंदावरून ते सुरांकडे ज्या मार्गाने गेले त्यात तर्कदोष आहे. तेराव्या शतकातील अंदलुसी गीतांची स्वरलिपी उपलब्ध नाही. म्हणून रिबेरा कान्तिगांमधून हरवलेले अरबी संगीत 'पुन्हा शोधतात' आणि मग तेच शोधलेले संगीत कान्तिगा अरबी असल्याचा पुरावा म्हणून वापरतात. घागरीतले पाणी विहिरीचे आहे हे दाखवण्यासाठी विहीरच घागरीतून भरण्यासारखे हे झाले. त्यातच मूळ स्वरलिपीतील मात्रांचे संकेत बाजूला ठेवून त्यांनी सूर आधुनिक ताल-मात्रांत बसवले. १९४३ पासून संपूर्ण संगीताची चिकित्सक आवृत्ती काढणाऱ्या ईखिनी अँग्लेस यांनी हे सारे सविस्तर दाखवले.

अँग्लेस यांच्या टीकेनंतर बाजू उलट्या दिशेला फारच झुकली. जणू छंदातील साम्यही योगायोगच. अलीकडच्या काळात पोर्तुगीज संगीतशास्त्रज्ञ मनुएल पेद्रो फेरेरा यांनी यातून एक संयत वाट काढली आहे. काही कान्तिगांची लय त्या काळच्या पॅरिसच्या लयपद्धतीत बसत नाही, पण अल-फाराबीने सांगितलेल्या 'ईका', म्हणजे तालचक्रांशी तिची जुळणी होते, असे त्यांनी स्वरलिपीच्या आधारेच मांडले. हा दावा रिबेरांपेक्षा आकाराने लहान आहे आणि म्हणून अधिक भक्कम आहे. सगळ्या संग्रहाविषयी नव्हे, ठरावीक गीतांविषयी; सुरांविषयी नव्हे, तालाविषयी. तपासता येईल असा.

गीतांचा आशयही विसरता येत नाही. ही मुख्यत्वे विजेत्यांची गीते आहेत. मूरांच्या पराभवाचे चमत्कार त्यांत आहेत. एका गीतात मुर्सियाच्या अर्रिशाका वस्तीतील मरियमचे देऊळ हटवण्याची मुसलमानांची मागणी आणि तिचा शेवट सांगितला आहे. हे तेच मुर्सिया, जिथे १२६४ साली मुदेहार प्रजेने उठाव केला आणि १२६६ साली शहर पुन्हा जिंकले गेले. फेटेवाला वादक आणि हरलेला मूर एकाच संग्रहात आहेत. पोथीतील एक चित्र मुखपृष्ठावर छापून त्याखाली 'सहजीवन' लिहिणाऱ्यांनी हे गीत वाचलेले नसते.

चित्रांपेक्षा आणि व्युत्पत्तींपेक्षा बोलका पुरावा मात्र हिशेबाच्या वह्यांत आहे, आणि आश्चर्य म्हणजे व्याख्यानांत तो क्वचितच येतो. अल्फोन्सोचा मुलगा चौथा सांचो याच्या दरबारातील १२९३-९४ सालच्या पगारनोंदीत वेतन घेणाऱ्या वादक-गायकांपैकी सुमारे निम्मे मूर आहेत आणि त्यांत स्त्रियाही आहेत. एक यहुदीही आहे. १३२२ सालच्या व्हायादोलिदच्या धर्मसभेला चर्चमधील रात्रजागरांत मुसलमान व यहुदी वादकांना आणण्यास मनाई करावी लागली. जे घडतच नाही त्यावर बंदी घालण्याची कोणाला गरज पडत नसते. चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धात 'लिब्रो दे बुएन आमोर' रचणारा पाद्री हुआन रुईस वाद्यांची लांबलचक मिरवणूक काढतो, तीत 'मूरी गितार' आणि 'लॅटिन गितार' ही दोन वेगळी वाद्ये आहेत. दुसऱ्या ठिकाणी तो अरबी चालींना कोणती वाद्ये शोभत नाहीत तेही सांगतो, आणि त्यांत गजाचे 'व्हिउएला' आहे. याचा अर्थ त्याच्या श्रोत्यांना अरबी चाल वेगळी ओळखू येत होती. सरमिसळ होती, पण भेदही कानाला कळत होता.

या मानवी पुराव्याचे महत्त्व ओळखणारे फार्मर हेच होते. ग्लासगोच्या नाट्यगृहात वाद्यवृंद चालवता चालवता अरबी शिकून हस्तलिखिते धुंडाळणाऱ्या या माणसाबद्दल आदर वाटल्याशिवाय राहत नाही. १९२९ सालचा त्यांचा अरबी संगीताचा इतिहास आजही हाताशी ठेवावा असा आहे. पण १९२५ साली कॅथलीन श्लेसिंगर यांच्याशी सुरू झालेल्या वादाच्या भरात १९३० चे पुस्तक वकिलाच्या थाटात लिहिले गेले. वाद्यांविषयी ते जिंकतात. संगीतशास्त्राविषयी त्यांचा पाया डळमळतो. अल-फाराबीचा शास्त्रविभागणीवरचा छोटा ग्रंथ बाराव्या शतकात लॅटिनमध्ये आला, पण त्याचा 'किताब अल-मूसीकी अल-कबीर' मध्ययुगात लॅटिनमध्ये गेला नाही. तेराव्या शतकातील एका निनावी लॅटिन लेखकाने स्वरचिन्हांसाठी वापरलेले 'एलमुआहिम' आणि 'एलमुआरिफा' हे अरबी वळणाचे शब्द फार्मर मोठ्या आनंदाने पुढे करतात. दोन शब्दांवर एवढी इमारत पेलत नाही.

ज़िरयाबचेही तसेच. ८२२ साली कुर्तुब्यात आलेला हा गवई ऊदला पाचवी तार लावतो, गरुडाच्या पिसाची जवा वापरतो, आणि लोकप्रिय लेखनात तर पहिली संगीतशाळा, नवी केशरचना, जेवणाचा क्रम सर्व काही सुरू करतो. हे चित्र मुख्यतः सतराव्या शतकातील अल-मक्करीने रंगवलेले आहे. इब्न हय्यानचा जुना वृत्तान्त प्रकाशित झाल्यावर ड्वाइट रेनॉल्ड्स यांनी २००८ साली दोन्ही ताडून पाहिले, तेव्हा मक्करीने प्रतिस्पर्ध्यांना वगळून ज़िरयाबला एकटाच उंच केल्याचे दिसले. मूळ वृत्तान्तातला ज़िरयाब लहान नाही, फक्त तो एकटा नाही.

वाद्य परक्या भूमीत गेल्यावर त्याचे काय होते, याकडे दोन्ही पक्षांचे दुर्लक्ष झाले. ल्यूट युरोपात दीर्घकाळ पिसाने, एकेका सुराने वाजत होती. १४४० च्या सुमारास आर्नो द झ्वोल याने तिचा आराखडा भूमितीने आखून दिला. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात वादकांनी पीस टाकून बोटे वापरायला सुरुवात केली, कारण त्यांना एकाच वाद्यावर दोन-तीन सुरावटी एकदम वाजवायच्या होत्या. युरोपीय ल्यूटला पडदे बांधलेले होते; ऊद पुढे बिनपडद्याचा झाला आणि त्याची मींड व सूक्ष्म स्वर अबाधित राहिले. एकाच घराण्यातले दोन भाऊ दोन भाषा बोलू लागले. युरोपने ऊद घेतला हे जितके खरे, तितकेच त्याने त्यातून ऊदला न जमणारे काही काढले हेही खरे.

आणि शेवटी ध्वनिमुद्रिका. महाविद्यालयांत कान्तिगा किंवा त्रूबादूरांची गीते ऐकवून 'ऐका, किती अरबी वाटते' असे म्हणण्याची पद्धत आहे. म्युनिकच्या 'श्टुडिओ डेर फ्रुएन म्युझिक' या संचाचे टॉमस बिंकली यांनी उत्तर आफ्रिकेतील अंदलुसी वादकांना ऐकले आणि त्यांची आलापासारखी सुरुवात, तालवाद्ये, ओळींमधले वाद्यखंड आपल्या १९७० च्या सुमाराच्या मुद्रिकांत आणले. पुढच्या अनेक संचांनी तीच वाट घेतली. मूळ पोथीत फक्त गायनाची एक ओळ आहे; दफ नाही, ऊद नाही, आलाप नाही. श्रोत्याला जे अरबी वाटते त्याचा मोठा भाग विसाव्या शतकातील एका कलावंताने मांडलेली शक्यता आहे. ती शक्यता सुंदर आहे आणि ऐकवायलाही हरकत नाही. मात्र ऐकवताना पोथीचे पान आणि मुद्रिकेचे साल दोन्ही फळ्यावर लिहावे.